न्यू जर्सीत पक्षाचा उमेदवार ठरवायला सरकारी पैसा का?

ओवी_एडिसन
आपल्याकडे पक्षश्रेष्ठी नाव ठरवतात, एबी फॉर्म हातात पडला की तिकीट पक्कं. इथे जूनमधल्या प्रायमरीची (पक्षाचा उमेदवार मतदारांनी निवडायची निवडणूक) मतपत्रिका काउंटी क्लार्क, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाचा सरकारी अधिकारी, छापून घेतो, केंद्रंही सरकारी. पक्षाच्या घरच्या कामाचा भार करदात्यावर का? आणि कुठल्याच पक्षात नोंद नसेल तर मत देता येतं का?

मतदारमित्र
येतं. नोंद 'अनअॅफिलिएटेड' असेल तर केंद्रावरच पक्ष सांगायचा, त्याची मतपत्रिका मिळते. मात्र त्यानंतर तुमची नोंद त्या पक्षात होते. एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर अर्ज प्रायमरीच्या ५५ दिवस आधी द्यावा लागतो. लोक मे महिन्यात जागे होतात, तोवर मुदत टळलेली असते.
खर्चाचं म्हणाल तर टेक्सास आठवा. तिथे डेमोक्रॅटिक पक्ष 'आम्ही खाजगी संघटना' म्हणत प्रायमरीत फक्त गोऱ्यांनाच मत देऊ द्यायचा. त्या पक्षाचाच जोर असल्याने खरा निकाल प्रायमरीतच लागायचा. १९४४ मध्ये 'स्मिथ विरुद्ध ऑलराइट' खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते बंद पाडलं. प्रायमरी निव्वळ घरचं काम नाही, म्हणून सरकारी देखरेख हवीच.

रकाना_तिसरा
देखरेख हवी, पण सरकारने छापलं म्हणजे निःपक्षपाती झालं असं नाही. २१ पैकी १९ काउंट्यांत 'काउंटी लाइन' होती. पक्षाच्या काउंटी शाखेने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार, सिनेटपासून स्थानिक पदांपर्यंत, एकाच रकान्यात. बाकीचे कडेला विखुरलेले, कधी मध्ये रिकामे रकाने सोडून. मतदार तो भरलेला रकाना सरळ खाली टिक करत जायचा. मतपत्रिकेची मांडणी ठरवणारा क्लार्कही पक्षाच्या तिकिटावरच निवडून आलेला! सिनेटचे उमेदवार अँडी किम यांच्या दाव्यात फेडरल न्यायाधीशांनी मार्च २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही मांडणी रोखली. २०२५ च्या कायद्याने ती पद्धतच गेली. आता प्रत्येक पदाचा वेगळा चौकोन असतो. माझ्या मते निम्मी लढाई मांडणीचीच होती.

हिशेबनीस
गव्हर्नरच्या प्रायमरीत तर राज्य उमेदवाराला थेट पैसेही देतं. पात्र देणगीच्या दर १ डॉलरमागे २ डॉलर, ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत. त्या बदल्यात खर्चावर मर्यादा आणि वादसभांना हजेरी सक्तीची. नवखे अडकतात ते पात्रतेत: किमान रक्कम नुसती जमवून भागत नाही, तेवढी खर्च केल्याचं किंवा खर्चाला बांधून घेतल्याचं कागदोपत्री दाखवावं लागतं. त्यामुळे देणग्यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.