एमबीबीएस: कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल कसं पारखायचं?

गंगापूररोडकर: मुलीची नीट झाली, कॅप राउंडला (सरकारी प्रवेश फेरीला) कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचाय. वर्षाला दीड लाखाच्या वर झेपणार नाही, म्हणजे सरकारीच. नाशिक, धुळे, नंदुरबार डोक्यात आहे. बिल्डिंग सगळेच दाखवतात, पण पोरं शिकतात वॉर्डात, तर हॉस्पिटल कसं ओळखायचं?

सिडकोची_ताई: आडगावला मविप्रचं (मराठा विद्या प्रसारकचं खासगी कॉलेज) बघा ना दादा, माझा भाचा तिथलाच, वॉर्ड अगदी जवळ. फी जास्त आहे पण खर्च एकदाच होतो, आम्ही जमीन विकली आणि आज जराही पस्तावा नाही.

म्हसरूळकर: नाशिक सोडू नका. आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून इथेच आहे, काही अडलं तर रिक्षाने जाऊन येता.

रात्रपाळी: विद्यापीठ परीक्षा घेतं, डिग्री देतं, पेशंट देत नाही हो. माझ्या कॉलेजात (खासगी, नाव नको) इन्स्पेक्शनला गावातून माणसं आणून खाटा भरायचे, दुसऱ्या दिवशी वॉर्ड रिकामा. साडेचार वर्षं झाली तरी वाढलेलं लिव्हर हाताला कसं लागतं ते मला माहीत नव्हतं, इंटर्नशिपला परवानगी काढून जिल्हा रुग्णालयात गेलो तिथे एका सिस्टरनी माझा हात धरून दाखवलं. न सांगता जा. सकाळी नऊला केसपेपरची रांग बघा, रात्री कॅज्युअल्टीत कोण आहे ते बघा.

सिडकोची_ताई: तेच म्हणतेय मी, आडगावला पेशंट भरपूर.

म्हसरूळकर: रांग तर सिव्हिलला त्र्यंबक रोडवर रोजच असते, मी मागे दाताला गेलो तर दोन तास उभा!

निवृत्त_भूलतज्ज्ञ: नवीन सरकारी कॉलेजं बहुतेक आधीच्या जिल्हा रुग्णालयावरच उभी राहतात. रुग्णालय आरोग्य खात्याचं, प्राध्यापक वैद्यकीय शिक्षणाचे. म्हणून विचारा, वॉर्डात युनिट, म्हणजे डॉक्टरांची टीम आणि तिच्या खाटा, प्राध्यापकांच्या हातात आलंय का? नसेल तर पोरं भिंतीला टेकून उभी राहतात. एमडी-एमएसवाल्यांनाही आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागतं, त्यांच्याशी बोला, ते खरं सांगतात. इंटर्नशिपच्या १२ महिन्यांत १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे असतात, ते कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात देतात तेही विचारा.

म्हसरूळकर: नंदुरबार मात्र नको, पोरीची जात, लांब पडतं.

गंगापूररोडकर: काल नंदुरबारला जाऊन आलो. मुलगी तासभर बालरोग ओपीडीबाहेर बसली, सिकलसेलचं एक लेकरू दुखण्याने कळवळत होतं आणि इंटर्न त्याच्या आईशी तिच्या बोलीत बोलत होती. परतताना मुलगी एवढंच म्हणाली, बाबा, पहिला नंबर हाच टाका. टाकला. सगळ्यांचे आभार.


सिडकोची_ताई: बघा बाई. होस्टेलला गरम पाणी आहे का ते तरी विचारलंत का?