शब्दचर्चा : क्रॅपी, गरवणं आणि रात्रीचा दिवा

टेक्सासचा_पाहुणा
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. विषय तळ्यातली क्रॅपी पकडणं, त्यातही रात्रीची. लिहायला बसलो आणि दर दुसऱ्या वाक्याला अडलो. बॉबर, मिनो, ब्रश पाइल, स्लॅब... मराठीत काय लिहू? 'मत्स्याखेट' वगैरे सुचवू नका, लेख आई वाचणार आहे.

उजनीकाठ
आधी मासा कसा दिसतो ते सांगा. फोटोवरून तर आमची चिलापीच (तिलापिया) वाटते. तेच लिहा, सगळ्यांना कळेल.

टेक्सासचा_पाहुणा
दिसायला थोडी तशी, पण चिलापी नाही. ही सनफिशच्या कुळातली, उत्तर अमेरिकेतली. चपटी, चंदेरी. पांढऱ्या क्रॅपीच्या अंगावर उभे पट्टे असतात, काळीच्या अंगावर विस्कटलेले ठिपके. ठिपक्यांवरून फसायला होतं, म्हणून जाणकार पाठीवरच्या पराचे काटे मोजतात : पांढरीला पाच-सहा, काळीला सात-आठ.
एका बाबतीत मात्र ती चिलापीची बहीण शोभेल. लहान तळ्यात सोडली की पोरवडा इतका वाढतो की खाणं पुरत नाही, आणि सगळ्या वीतभरही होत नाहीत. म्हणून इथली मत्स्यखाती लहान तळ्यात क्रॅपी सोडू नका म्हणून सांगत असतात.

उजनीकाठ
मग 'खुरटलेली' लिहा. 'वाढ खुंटलेली' हे खात्याच्या पत्रकातलं मराठी झालं.

कोशातला_किडा
माशाचं नाव बदलू नये. क्रॅपी हा शब्दच कॅनडातल्या फ्रेंच 'क्रापे'वरून आला, आणि अमेरिकेत तरी कुठे एकमत आहे? कोणी क्रॉपी म्हणतं, कोणी क्रॅपी. लुइझियानात तिला 'साकाले' म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ दुधाची पिशवी, पण दुधाचा संबंध काही नाही. तिथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांच्या भाषेतला 'साक्ली' हा माशाचा शब्द फ्रेंच कानांनी तसा ऐकला. आपण आता नवी पिशवी शिवू नये.

टेक्सासचा_पाहुणा
पटलं. आता तळ्याचं बोला. इथे शेतावरच्या तळ्याला 'टँक' म्हणतात. माझा पहिला समज पत्र्याच्या टाकीचा झाला होता.

कोशातला_किडा
वा! हा शब्द आपल्याकडूनच गेलेला. गुजराती टांकुं, मराठी टाकं, आणि त्यात पोर्तुगीज 'तांक'ची भर, असं कोशकार मानतात. तरी लेखात 'टाकं' लिहू नका. मराठी वाचकाला गडावरचं, खडकात खोदलेलं पाणी दिसेल. 'शेततळं' लिहा.

उजनीकाठ
शेततळं म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे चौकोनी खड्डा आणि काळा प्लास्टिकचा कागद येतो. हे तसं आहे का?

टेक्सासचा_पाहुणा
नाही. ओघळीवर मातीचा बांध घातलेला, कडेला गुरांच्या खुरांचा चिखल.

उजनीकाठ
मग 'गुरांचं तळं'. विषय संपला.

मालवणची_माई
इतका वेळ सगळे नामांवरच अडलेत. क्रियापद कोण सांगणार? मासे 'पकडणं' काय, गरवणं म्हणा! गरी म्हणजे गळ, गरीने धरायचे ते गरवायचे. जाळं फेकून धरतात ते पागणं. दोन्ही वेगळी कामं. आमच्याकडे गरीला काडू लावतात, म्हणजे गांडूळ. तुमच्याकडे काय लावतात?

टेक्सासचा_पाहुणा
माई, 'गरवणं' सोनं आहे! इथे बहुतेक जण जिवंत मिनो लावतात, नाहीतर जिग : शिशाच्या गोळीत बसवलेला गळ, त्याला पिसं किंवा रबरी शेपूट. मिनोला 'बोटुकली' चालेल?

उजनीकाठ
अजिबात नाही. बोटुकली म्हणजे बीज. मत्स्यजिऱ्याची वाढून बोटाएवढी झाली की बोटुकली, पुढे ती रोहू-कटला होणार. तुमचा मिनो मोठा झाला तरी तेवढाच. 'बारका मासा' लिहा. आणि बॉबरला, म्हणजे दोरीवर तरंगतो त्याला, भेंड. आम्ही पोरं धांड्याचा तुकडा बांधायचो.

टेक्सासचा_पाहुणा
भेंड घेतलं. आता खरी अडचण रात्रीच्या भागाची आहे, तो जरा सविस्तर सांगतो. उन्हाळ्यात दिवसा पाणी तापतं, क्रॅपी खोल किंवा सावलीत जाते. अंधार पडला की धक्क्याच्या कडेला कंदील टांगतात, हल्ली हिरवा एलईडी दिवा पाण्यातच सोडतात. लगेच काही होत नाही. आधी चिलटं आणि पाण्यातले बारीक जीव उजेडाला गोळा होतात, त्यांच्यामागे बारके मासे, आणि त्यांच्यामागे क्रॅपी. ती भर उजेडात येत नाही, उजेड-अंधाराच्या सीमेवर फिरते. गळ तिथे सोडायचा, आणि मासे ज्या खोलीवर असतील त्याच्या थोडा वर. ही वर बघून खाणारी आहे, खाली वाकत नाही. बऱ्याचदा ती आमिष खालून उचलते, त्यामुळे भेंड बुडतच नाही, उलट आडवं पडतं. बुडायची वाट बघणारा बसून राहतो.
हे सगळं 'दिव्यावरची मासेमारी' म्हणून लिहू का?

मालवणची_माई
नको रे बाबा. किनाऱ्यावर 'एलईडी मासेमारी' म्हटलं की लोकांचं डोकं तापतं. मोठ्या बोटी समुद्रात लख्ख दिवे लावून थवेच्या थवे उचलायच्या. केंद्राने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी तंटे चालूच आहेत. एका गरीने धरणाऱ्याला त्या पंगतीत बसवू नकोस. 'बत्तीवर गरवणं' लिही. पावसाळ्यात बत्ती घेऊन कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायला जातात, ते वाचणाऱ्याच्या ओळखीचं आहे.

टेक्सासचा_पाहुणा
बत्ती! ठरलं. आणि हिच्या तोंडाचा पापुद्रा इतका पातळ असतो की तिला पेपरमाउथ म्हणतात. जोरात ओढलं की गळ फाडून निघतो. 'कागदतोंडी'?

कोशातला_किडा
हे चालेल, टोपणनाव आहे. पण कृतीसाठी नीट लिहा : हिसका द्यायचा नाही, दोरी नुसती ताणून धरायची.

उजनीकाठ
ब्रश पाइल राहिलं. ते काय असतं?

टेक्सासचा_पाहुणा
फांद्या, नाताळनंतरची जुनी झाडं वगैरे वजन बांधून तळाशी बुडवतात. क्रॅपी त्यात आसरा घेते.

उजनीकाठ
म्हणजे फेसाटी! फक्त आमच्याकडे तळ्यात काटेरी फेसाट्या टाकतात त्या चोरट्यांची जाळी अडकावीत म्हणून. तुम्ही 'बुडवलेला झाडोरा' लिहा, नाहीतर वाचणारा चोर शोधत बसेल.

टेक्सासचा_पाहुणा
आणि मोठ्या क्रॅपीला स्लॅब म्हणतात. काळ्या क्रॅपीचा विक्रम २०१८ मध्ये टेनेसीतल्या एका तळ्यातच झाला, जवळपास अडीच किलो. 'लादी' कसं वाटतं?

कोशातला_किडा
मुंबईकर फरशी पुसायला घेईल. नुसतं 'थोराड' लिहा.

मालवणची_माई
'लादी'च ठेव, मला आवडली. आणि खाता कशी ते लिहिलंस का?

टेक्सासचा_पाहुणा
इथे दोन्ही बाजूंचं मांस काट्यावरून सोलून काढतात आणि मक्याच्या जाडसर पिठात घोळवून तळतात. त्याला 'तुकडी' म्हणावं का?

मालवणची_माई
तुकडी आडवी कापलेली, काट्यासकट. ही 'बिनकाट्याची फोड' म्हण. आणि डोकं फेकून देतात की काय?

टेक्सासचा_पाहुणा
देतात. आमच्या घरी सारात जातं.