वाऱ्यावरचं शिल्प : ‘कला’ म्हणून मिरवणारं यंत्र?

पाचर (धागाकर्ता)
वाऱ्यावर हलणाऱ्या शिल्पांबद्दल कुठेही वाचा, दुसऱ्या ओळीत ‘कला आणि अभियांत्रिकीचा सुरेख संगम’ येतोच. मला हे पटत नाही. ती सरळसरळ यंत्रं आहेत, आणि यंत्र म्हणून चांगली आहेत म्हणूनच बघवतात.

थिओ यान्सनचे किनाऱ्यावरचे प्राणी घ्या. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: हा डच माणूस डेल्फ्टला भौतिकशास्त्र शिकला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. 1990 पासून तो वायरिंगच्या पिवळसर पीव्हीसी नळ्यांचे भलेमोठे सांगाडे करतोय, आणि ते नेदरलँड्सच्या समुद्रकिनाऱ्यावर निव्वळ वाऱ्याच्या जोरावर चालतात. त्यांचा एकच पाय बघत बसा. क्रँक, म्हणजे पायाला गती देणारा वाकडा दांडा, गोल फिरतो, पाऊल मात्र गोल फिरत नाही. वाळूला टेकलं की सरळ रेषेत मागे सरकतं, मग चटकन उचलून पुढे येतं. त्यामुळे वरचं धूड हेलकावत नाही, एका पातळीत राहतं. हे सगळं 13 मापांच्या प्रमाणावर उभं आहे. क्रँक 15 धरला तर एक नळी 50, दुसरी 61.9, असं. एखादं माप चुकलं की पाय लंगडलाच.

यात कला नेमकी कुठे बसवायची? मला तरी जागा सापडली नाही.

सायलीची वेल
जागा तुमच्याच परिच्छेदात आहे. ती मापं आली कुठून? यान्सनने अटारी संगणकाला वाटेल तशा मापांचे 1500 पाय करायला लावले. पावलाच्या हव्या त्या वळणाच्या जवळ जाणारे 100 ठेवले, त्यांच्या मापांची सरमिसळ करून नवे पाय केले, पुन्हा निवड. महिनोन्महिने हेच. मापं संगणकाने शोधली, मान्य. पण ‘हवं ते वळण’ संगणकाचं नव्हतं. चाल आधी दिसली, नळ्या नंतर आल्या.

पाचर
ताई, त्याला आमच्या धंद्यात स्पेसिफिकेशन म्हणतात. पाऊल सपाट रेषेत का हवं? कारण नाहीतर प्रत्येक पावलाला अख्खं धूड वर उचलावं लागेल, आणि वाऱ्यात तेवढा दम नसतो. वळण गरजेतून आलंय.

सायलीची वेल
आणि गरज कुणाची? त्या वाळूवरून कुणाला कुठे जायचं होतं? माल नाही, प्रवासी नाही.
(अवांतर: मी दाढीवाला आहे. आयडीवरून ताई-माई ठरवू नका.)

पाचर
बरं, वेलराव.

शंकेखोर
वारा पडला की काय करतात हे प्राणी? उभे राहून फोटो काढून घेतात?

सायलीची वेल
काहींच्या पोटात प्लास्टिकच्या बाटल्या असतात. वारा असताना पंख फडफडतात, त्यावर पंप चालून बाटल्यांत हवा दाबून भरली जाते. वारा पडला की तीच हवा सोडून थोडं अंतर चालतात.

निर्वात
थोडं मागे जाऊ. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर 1919 मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर झाला, म्हणजे पाचर यांच्याच गोटातला. 1931 मध्ये फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँने त्याच्या हलत्या रचनांना ‘मोबाइल’ हे नाव दिलं, तेव्हा त्यातल्या काही मोटरवर तर काही हाताने क्रँक फिरवून चालायच्या. पुढे काल्डरने मोटरचा नाद जवळपास सोडलाच, कारण ठरलेली हालचाल फिरून फिरून तीच. मग तारांना टांगलेले पत्रे हवेच्या भरवशावर सोडून दिले. यंत्राने ठरल्याबरहुकूम वागावं यात इंजिनिअरची हयात जाते. इथे एका इंजिनिअरने आपणहून लगाम सोडला. याचं उत्तर द्या, यान्सनचं नंतर बघू.

पाचर
लगाम सोडला म्हणे! मोबाइल कधी करून बघितलाय? सगळ्यात खालच्या काडीपासून सुरुवात करावी लागते. दोन टोकांना पत्रे लावायचे, काडी आडवी राहील तो बिंदू शोधायचा, तिथे कडी. आता हे सगळं वजन वरच्या काडीच्या एका टोकाला, की पुन्हा तोल साधा. खालचा एक पत्रा जरा कातरला तर वरच्या साऱ्या कड्या सरकवत बसा. हा शाळेतला तरफेचा नियम आहे. वाऱ्याला मोकळीक आहे, पण खुंट्याला बांधलेल्या गाईला असते तेवढीच.

बेअरिंगवाला
गाय आवडली. आता ज्याने यात हात काळे केलेत त्याचंही ऐका.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला 2 मीटरच्या झुळकीवर जे हलायला हवं, ते 30 मीटरच्या वादळात टिकायलाही हवं. वेग 15 पट, दाब 225 पट! पवनचक्की साधारण 25 मीटरच्या पुढे पाती वळवून गप्प बसते. शिल्प मात्र उघड्यावर मार खात उभं. रिओ 2016 च्या ऑलिंपिक ज्योतीमागचं ते फिरतं शिल्प ज्याचं, त्या अँथनी हाऊने आपली शिल्पं ट्रकवर बसवून महामार्गावर पळवून बघितली आहेत. इथपर्यंत मी पाचर यांच्या बाजूने.

पण पुढचं ऐका. अमेरिकन शिल्पकार जॉर्ज रिकीची शिल्पं म्हणजे नुसती लांब, निमुळती पाती, आखूड टोकात शिसं, मध्ये बेअरिंग. तसलं एक मी गच्चीवर केलं. अ‍ॅल्युमिनियमचं दीड मीटरचं उभं पातं. वारा असूनही ढिम्म. सीलबंद बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस नडत होतं. सील काढून रॉकेलने धुतलं, पातळ तेलाचा एक थेंब सोडला. हललं, पण गाडीच्या वायपरसारखं झटपट, बघवेना. खाली शिसं जास्त झालं होतं. थोडं थोडं कापत गेलो. गुरुत्वमध्य बेअरिंगच्या जवळ सरकत गेला तसा झोका लांबत गेला. शेवटी एकदा पातं बाजूला कललं, तिथे काहीतरी आठवल्यासारखं थांबलं आणि मग परतलं. मी कानस खाली ठेवली.

गणिताप्रमाणे अजून 50 ग्रॅम कापता आलं असतं, पातं उलटं झालं नसतं. तरी मी तिथेच थांबलो. का, ते विचारू नका.

पावसाळ्यात पुढे बेअरिंग गंजलं, पातं अडखळायला लागलं. मुलगी म्हणाली, ‘ते आज रुसलंय.’

शंकेखोर
भिरभिऱ्याचं महाग भावंड. जत्रेतलं भिरभिरं हलतं तेव्हा कुणी चर्चासत्र भरवत नाही.

निर्वात
भिरभिरं फक्त फिरतं. बेअरिंगवाल्यांचं पातं थांबतं. फरक तिथे आहे.

पाचर
रुसत नाही ते, गंजतं. लोकांना वाफेचं इंजिनही धापा टाकताना दिसायचं, म्हणून ते शिल्प होत नाही. बघणाऱ्याच्या मनातलं यंत्राच्या नावावर जमा करू नका.

ते 50 ग्रॅम मात्र सकाळपासून डोक्यात आहेत. कंपनीत असतो तर ‘अमुक ते अमुक ग्रॅम चालेल’ अशी टॉलरन्स लिहून मोकळा झालो असतो. त्या मर्यादेतलं कुठलंही वजन मला सारखंच. तुम्हाला नव्हतं, इतकं कळतंय. याला संगम म्हणणार नाही, पण ‘जागा सापडली नाही’ हे वाक्य सध्या मागे घेतो.

वेगळाच कुणीतरी
इतके दिवस वाचनमात्र होतो, खास या प्रश्नासाठी लॉगिन केलं. बेअरिंगवाले, शिशाऐवजी नट-वॉशर लावले तर चालतील का?

बेअरिंगवाला
चालतील, उलट बरे. एकेक वॉशर काढत बघता येतं, शिसं एकदा कापलं की कापलं. फक्त स्टेनलेसचे घ्या आणि दोन्ही बाजूंना सारखे लावा, नाहीतर पातं तिरकं ओढतं. आणि बेअरिंग आधी धुवा.