मदत हवी आहे : ‘ब्लायटी’ला मराठी शब्द

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांची पत्रं अनुवादित करताना ‘ब्लायटी’वर अडलंय. मूळ आपल्या ओळखीचं : अरबी ‘विलायत’, हिंदुस्थानीत ‘विलायती’, बोलीत ‘बिलायती’, तिथून गोऱ्या पलटणींच्या तोंडी. खंदकांत त्याचे अर्थ दोन : मायभूमी इंग्लंड, आणि जिवावर न बेतणारी पण इंग्लंडला परत पाठवण्याइतकी मोठी जखम.

‘विलायत’ वापरलं तर दिशाच उलटते. आपल्याला तो परका मुलूख, त्यांना घर. ‘मायदेश’मध्ये व्युत्पत्ती हरवते. ‘विलायती जखम’ तर विलायती चिंचेसारखं, परदेशी मालाचं नाव वाटतं. ‘सुटकेची जखम’ अर्थाला जवळ, पण फार पुस्तकी.

तळटीप देता येत नाही, आणि बोली साध्या शिपायाचीच हवी. देशासाठी ‘बिलायत’ ठेवून चालेल का, आणि त्या जखमेला दोन-तीन शब्दांत काय म्हणावं?