पुढच्या चाकातली ठकठक: घरी कोणी कोणी खोलून पाहिलं?

दारव्ह्याकडे आमचं शेत, त्यामुळे स्विफ्ट रोज पांदणीतून जाते. पोळ्यानंतर डावीकडून ठकठक सुरू झाली. "भाऊ, शॉकप गेले तुमचे, दोन्ही टाका," शेजाऱ्यानं निकाल दिला. टाकले. आवाज जिथल्या तिथं! मग कान देऊन चालवली. ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली की गाडी गुपचूप, एकच चाक खड्ड्यात गेलं की ठक. दोन्ही चाकं बरोबर उचलली तर स्टॅबिलायझर बारला (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा) पीळ पडत नाही, म्हणून त्याला चाकाकडे जोडणारी लिंक बोलत नाही, हे नंतर उमगलं. दोन्ही लिंक काढून गावातल्या गावात हळू फिरवली, आवाज बंद. जुन्या लिंकचा बॉल बोटानं हालत होता. शॉकपचे पैसे गेले ते गेलेच. तुमच्याकडे काय निघालं, कसं पकडलं, सांगा.

आर्वीकर: चाक उचलून वर-खाली धरून हलवलं तर खटखट. बॉल जॉइंटच (चाकाजवळचा गोल सांधा) म्हणून मागवणार होतो. काका म्हणाले, "आधी पोराले ब्रेकवर बसव." ब्रेक दाबला की खेळ (ढिलेपणा) गायब. ब्रेक चाक जखडतो, म्हणजे खेळ चाकाच्या बेअरिंगचा!

साकोलीची मास्तरीण: आमचा भाग धानाचा, बांधीतला चिखल गाडीला चुकत नाही. टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) बूट, म्हणजे रबरी टोपण, फाटून ग्रीसच्या जागी चिखल बसलेला. चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं की खेळ हाताला लागायचा. स्प्लिट पिन काढली, नट सैल केला, तरी जॉइंट सुटेना. तो ज्या डोळ्यात बसतो त्याच्या बाजूवर हातोडीचे दोन ठोके दिले, तेव्हा निसटला. जुना एंड फिरवून काढताना प्रत्येक आट्याला शाळेतल्या खडूनं फरशीवर रेघ मारली. साडेसतरा. नवा तेवढेच आटे फिरवून चढवला. तरी भंडाऱ्याला जाऊन अलाइनमेंट केलंच, ते टाळू नका. नवरा अजून विचारतो, फरशीवर हजेरी कोणाची घेतली होती?

हिंगणघाटहून: पावसानंतर काळ्या मातीत जॅक लावला. नट खोलत होतो तोच जॅक हळूच खाली बसायला लागला. काढलेलं चाक सवयीनं गाडीखाली सरकवलं होतं, त्यावर गाडी टेकली. माझा हात बाहेर होता, बस्स. आता सिमेंटच्या ओट्यावरच, आणि जॅकच्या जोडीला घोडी (लोखंडी स्टँड).

पुसदचा भाचा: लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) बदलला आणि त्याच्या बुशचे (रबरी सांध्याचे) बोल्ट चाक लटकतं असतानाच कसले. काही महिन्यांत रबर फाटलं. गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावर शेवटचं कसायचं, कारण कसला त्याच जागी रबर धरतं. अल्टोत आणखी एक: बॉल जॉइंटचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही. तो खाचेतून आडवा जातो, पूर्ण काढावा लागतो. मी अर्धा तास टॉमी (लोखंडी दांडा) घालून दाबत बसलो होतो.

गॅरेजवाला, वणी: शॉकपच्या डोक्यावरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) नसताना घरी खोलू नका. आत स्प्रिंग दबलेली असते, सुटली तर तोंडावर येते. स्ट्रट (शॉकप आणि स्प्रिंगचा जोड) अख्खा काढून आमच्याकडे आणा.

आर्वीकर: ही ताकीद आमच्या काकांनाही वाचून दाखवतो. ते कालपासून पाना शोधत आहेत.