सांगलीत राहून कादंबरी, इतिहास आणि अभ्यासग्रंथ असं मिश्र वाचन कसं लावायचं?

तासगावकर

आमच्या वाचनगटात आठ जण आहेत आणि महिन्याला एक पुस्तक ठरतं. दोन वर्षांत २४ पुस्तकं झाली, त्यांतल्या १९ कादंबऱ्या. पुढच्या वर्षी ४ कादंबऱ्या, ४ इतिहासाची आणि ४ संशोधनाची अशी १२ घ्यायची आहेत. कादंबरी कुणीही सुचवतं, पण अभ्यासग्रंथांची नावंच कानावर पडत नाहीत. दुकानात गेलं की "नाव सांगा" म्हणतात, आणि तेच तर माहीत नसतं. ऑनलाइन दुकानं आधी घेतलंय त्याच जातीचं पुढं करतात. ही नावं शोधायची रीत काय? आपल्या भागाशी जोडलेलं काही असेल तर उत्तमच. नवी, जुनी, स्कॅन केलेली, सगळी चालतील.

माणगंगा

पहिली सूचना: ४-४-४ अशी वाटणी करू नका. विषय चार घ्या आणि प्रत्येक विषयाची तीन पुस्तकं, आधी कादंबरी, मग इतिहास, शेवटी संशोधन. बेरीज तीच १२ होते. पण कादंबरी वाचताना पडलेले प्रश्न घेऊनच गट पुढच्या पुस्तकाकडे जातो. अभ्यासग्रंथ सुटा हातात घेतला की चाळिसाव्या पानावर मिटतो, कारण वाचणाऱ्याला त्याला काही विचारायचंच नसतं.

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. 'बनगरवाडी' (१९५५) ही माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीची कादंबरी. औंध संस्थानचा काळ, कोवळ्या वयाचा मास्तर, आणि शेवटी दुष्काळानं उठून गेलेली वस्ती. ती संपली की सहज विचारावंसं वाटतं, ही माणसं मेंढरं घेऊन कुठं जात होती, त्यांचे देव कोणते, दुष्काळ किती वर्षांनी यायचा? दुष्काळ, शेती आणि जातीजमातींसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १९ वा खंड (सातारा, १८८५) काढा. तो इंग्रजीत आहे आणि जातींची वर्णनं गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नजरेतून आहेत, एवढं ध्यानात ठेवून वाचा. देवांसाठी गुंथर सोन्थायमर. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये आणि १९८९ साली इंग्रजीत आला. मराठीत हवं असेल तर रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४). त्यातला विठ्ठल-बीरप्पा या जोडदेवाचा भाग वाचून आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात गेलात, तर तिथल्या धनगरी ओव्या वेगळ्या कानानं ऐकाल.

शोधताना बहुतेकांची एक चूक होते. "सांगली जिल्हा" असा शोध टाकला तर जुनं जवळजवळ काही सापडत नाही. हा जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. १८८५ च्या गॅझेटियरमध्ये तुमचा तासगाव, शिवाय वाळवा आणि खानापूर, सगळे साताऱ्यात आहेत. आटपाडी औंधात. म्हणून शोधशब्द सातारा, दक्षिण सातारा, औंध, मिरज, जत असे आलटून पालटून टाका.

दुसरा विषय 'फकिरा' (१९५९) वरून लावता येईल. अण्णा भाऊंचं वाटेगाव वाळवा तालुक्यातलं. त्याच्या पुढं गुन्हेगार जमातींचे १८७१ आणि १९११ चे कायदे, आणि मग कासेगावात राहिलेल्या गेल ऑम्वेट यांचा पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवरचा ग्रंथ (१९७६). तो १८७३ ते १९३० एवढाच काळ घेतो, त्यामुळं नाना पाटलांचं प्रतिसरकार त्यात शोधू नका.

देवघेव विभाग

माणगंगा म्हणतात ती साखळी लोकांना सापडत नाही याचं एक साधं कारण कपाटात आहे. दशांश वर्गीकरण असलेल्या ग्रंथालयात मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ ला, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ ला, हिंदू धर्म आणि दैवतं २९४.५ ला, लोकसाहित्य ३९८ ला. म्हणजे 'बनगरवाडी' एका टोकाला आणि ढेरे दुसऱ्या टोकाला. कादंबरीच्या कपाटापुढं कितीही वेळ उभं राहा, दुसरं पुस्तक दिसणार नाही. हे चार आकडे कागदावर लिहून न्या. तालुक्याच्या बऱ्याच वाचनालयांत आकडे नसतात, विषयवार कपाटं किंवा नुसते दाखल क्रमांक असतात. तिथं दाखल नोंदवही मागा आणि लेखकाच्या नावावरून शोधा.

अभ्यासग्रंथ बहुधा देवघेवीत नसतात, संदर्भ विभागात असतात आणि घरी मिळत नाहीत. मुक्तद्वार नसेल तर आत जाऊन चाळता येत नाही, म्हणून नाव आधीच हातात हवं. ते मिळवायची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे आपल्याच वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश. त्याच्या नोंदीच्या तळाशी 'संदर्भ' म्हणून ग्रंथांची यादी असते. धनगर, खंडोबा, पानिपतची लढाई, कोणताही शब्द घ्या, नोंद वाचा आणि यादी उतरवून घ्या. एका नोंदीतून तीन-चार नावं सहज मिळतात. विश्वकोश संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. यादीत इंग्रजी ग्रंथ जास्त निघतील, आणि जुन्या खंडांतल्या याद्या त्यांच्या छपाईच्या वर्षापाशी थांबतात. पुढचं हवं तर त्या विषयावरचं अलीकडचं एखादं पुस्तक उघडून थेट त्याच्या संदर्भसूचीवर जा.

फार जुन्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' मागा. १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची विषयवार नोंद तिच्यात आहे.

भिलारलाही गटानं एक दिवस जा. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतचं हे पुस्तकांचं गाव ४ मे २०१७ पासून सुरू आहे. एकेका घरात एकेक साहित्यप्रकार मांडलाय, त्यामुळं एरवी न उघडलेल्या प्रकाराच्या पुस्तकांत तासभर बसता येतं. पुस्तकं तिथंच वाचायची, विकत किंवा घरी मिळत नाहीत. आठ जणांनी आठ वेगवेगळी घरं वाटून घ्या आणि प्रत्येकानं तीन नावं आणा, प्रकाशक आणि आवृत्तीच्या सालासकट.

तासगावकर

दोघांचेही आभार. ४ विषय आणि ३ पायऱ्या हे पक्कं. पानिपत हा एक विषय घ्यायचाय, 'पानिपत' कादंबरी सगळ्यांची वाचून झालीय. पुढच्या दोन पायऱ्या कोणत्या, आणि मूळ पत्रं आमच्यासारख्यांना झेपतील का?

दप्तरखाना

झेपतात, पण थेट पत्रांवर उडी नको. कादंबरी १९८८ ची. तिच्यानंतर त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१'. ते इंग्रजीत १९४६ साली आणि मराठीत १९६१ साली आलं. शेजवलकर १९६३ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे २०२४ पासून त्यांचं लेखन मुक्त आहे. जुनी पत्रं छापणारे राजवाडे, खरे, पारसनीस तर कधीच मुक्त झालेत. या सगळ्यांचे स्कॅन बिनधास्त उतरवा.

तिसरी पायरी राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड (१८९८). पानिपताच्या काळातली ही पत्रं राजवाड्यांना वाईत मिळाली. मूळ मोडी असली तरी छपाई देवनागरीत आहे, त्यामुळं अडत नाही. अडतं ते तारखांपाशी. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंत ७९. लढाई पौष शुद्ध ८, शके १६८२ ची, म्हणजे १४ जानेवारी १७६१. पौषाच्या आसपास इंग्रजी वर्ष पालटतं, म्हणून तिथं पंचांग बघूनच तारीख ठरवा.

पत्रात "इहिदे सितैन मया व अलफ" असं दिसलं की घाबरू नका. तो सुहूर सन, म्हणजे अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेलं वर्ष आहे: इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, बेरीज ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. हे न कळल्यामुळं पत्रांचा क्रम चुकतो आणि आधीची बातमी नंतरची वाटायला लागते.

महिनाभरात अख्खा खंड होणार नाही. लढाईच्या आधीच्या चार-सहा महिन्यांतली पंचवीस-तीस पत्रं निवडा, माणशी चार वाटा, आणि प्रत्येकानं आपल्या पत्रातली घटना शेजवलकरांत आणि कादंबरीत कशी आलीय ते शोधून आणावं. हाच सगळ्यांत रंगणारा महिना होईल.

पानिपतानंतरच्या काळासाठी मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह'. पटवर्धन दप्तरातली ही पत्रं त्यांनी १८९७ पासून छापायला घेतली. साताऱ्याच्या पारसनीसांचा संग्रह बघायचा असेल तर मात्र पुण्याला जावं लागेल. तो १९३९ साली डेक्कन कॉलेजात गेला.

फर्मा

स्कॅन आणि जुन्या पुस्तकांबद्दल थोडं. स्कॅन उतरवल्यावर आधी पानं मोजा. मधली पानं गळालेली असतात, घडीचे नकाशे मिटलेलेच टिपलेले असतात. एकाच ग्रंथाचे दोन-तीन स्कॅन असतील तर सगळे घ्या, एकातलं गळालेलं दुसऱ्यात सापडतं. नावं रोमन लिपीत कशीही लिहिलेली असतात, "इतिहासाची"चे पाच प्रकार दिसतील, म्हणून पूर्ण नावाऐवजी लेखकाचं आडनाव टाका.

जुनं पुस्तक विकत घेताना फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेले १६-१६ पानांचे गठ्ठे, तपासा. पान १६, ३२, ४८, ६४ अशा सांध्यांवर क्रमांक सलग आहेत ना ते बघायला दोन मिनिटं लागतात. बांधणीत फर्मा गळालेला किंवा उलटा शिवलेला असतो, आणि ते घरी आल्यावर कळतं. शेवटची पानं आधी बघा, कारण सूची आणि वंशावळीच आधी सुटतात. "दुसरी आवृत्ती" आणि "दुसरं पुनर्मुद्रण" यांत फरक आहे. अभ्यासग्रंथाच्या आवृत्तीत लेखक दुरुस्त्या करतो, म्हणून ती घ्या.

सांगलीत २०१९ च्या पुरात भिजलेली पुस्तकं अजून बाजारात फिरतात. कडेला तपकिरी लाटेसारखी रेघ आणि कुबट वास असेल तर सोडून द्या, बुरशी शेजारच्या पुस्तकांना लागते. गुळगुळीत कागदावरची छायाचित्रं एकमेकांना चिकटलेली असतील तर ती ओढून सोडवू नका, छपाईच निघून येते. कसर लागलेलं मात्र वाचवता येतं. पंधरा दिवस वेगळं ठेवा, सावलीत पानं उलगडून वारा द्या, कणा मऊ ब्रशनं झाडा आणि मगच कपाटात लावा.