म्हातारी गाडी आणि यायची असलेली विजेची गाडी: तुमचे अनुभव

निवांत
परवा चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरलो, सिग्नलला थांबलो आणि गाडीत गोडसर, उकळत्या गुळासारखा वास आला. बायको म्हणाली, "कुणी काकवी करतंय का?" मला वास ओळखीचा होता. कूलंट, इंजिन थंड ठेवणारा द्रव.

एकदम १९९४चा मे महिना आठवला. खंबाटकीचा घाट, बॉनेट उघडं, बाबा ओला पंचा धरून रेडिएटरचं झाकण पाव आटा फिरवतायत, फुस्स्स करून वाफ, आणि आई आम्हाला मागे ओढतेय. डिकीत पाच लिटर पाण्याचा कॅन कायम असायचा. प्यायचं पाणी संपलं तरी त्याला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा.

तसाच कॅन आता माझ्या डिकीत आहे. गाडी २००८ची. २०२३ला पंधरा वर्षं भरली तेव्हा काढणारच होतो, पुढची इलेक्ट्रिक हे ठरलेलं. मुलगी म्हणाली, वर्षभर थांबा, रेंज वाढतेय. मग सोसायटी चार्जरसाठी म्हणाली, पुढच्या सर्वसाधारण सभेत बघू. शेवटी आरटीओत पाच हजार भरले, ग्रीन टॅक्स वेगळा, आणि २०२८पर्यंत मुदत वाढवून घेतली. चॅसी नंबराचा ठसा घेणारा माणूस कागदावर पेन्सिल घासत होता, शेवटचा आकडा काही उमटेना. गंज. त्याने खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला, दोनदा घासलं, आकडा वर आला. मला उगाच भरून आलं.

त्यानंतर क्लच प्लेट, रेडिएटर, दोन बॅटऱ्या. बेरीज करत नाही, केली तर बायको बघेल. तुमच्याकडे आहे का अशी म्हातारी? लिहा.

सोनचाफा
आमची २००६ची. तिच्यासमोर नव्या गाडीचं नाव काढायचं नाही हो! टेस्ट ड्राइव्ह घेऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी हिचा सेल्फ स्टार्टर गेला. हसू नका, खरंच. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

टिंबटिंब
मम. फक्त आमची सोसायटी 'बघू'सुद्धा म्हणत नाही.

पेठेतला
रेडिएटर नवा घेतलात? नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांकडे विचारायचं होतं ना राव. मी गेल्या महिन्यात पेट्रोल लाइनचे रबरी पाइप बदलले. कडक होऊन बारीक चिरा पडल्या होत्या, नखाने दाबलं तर तुकडा निघाला. मेकॅनिक म्हणाला, वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलंच नाही, दर सर्व्हिसला पाइप बघत जा. ॲव्हरेजही पडलाय. दुकानात जुना तुकडा घेऊन जा, नाहीतर 'कितीचा?' विचारतात आणि आपण 'साधारण एवढा' म्हणून बोट दाखवतो.

चिंचवडी
बोट दाखवतो 😀 हे मी केलंय.
माझी पद्धत वेगळी. बॅटरी मरायला टेकली आहे पण इलेक्ट्रिक दिवाळीला येणार (कुठली दिवाळी ते विचारू नका), म्हणून नवी घेत नाही. रोज उतारावर, नाक खाली करून लावतो. सकाळी दुसरा गिअर, क्लच दाबून सोडून द्यायची, वेग आला की क्लच सोडायचा, इंजिन चालू. माझ्या आधी शेजारच्या आजोबांनी त्या उतारावर कुणाला रिक्षा लावू दिली तर माझी सकाळ गेली. विजेच्या गाडीला धक्का मारून काही होत नाही म्हणे. मग आपल्याला येतं तरी काय?

पेठेतला
बॅटरी घे की लेका. चार पाच हजारांसाठी आजोबांशी भांडण.

अ-जय
दोन वर्षं इलेक्ट्रिक चालवतोय, म्हणून थोडा हिशेब. पेट्रोल १०४ धरलं आणि जुनी गाडी शहरात १३ देत असेल तर किलोमीटरला आठ रुपये. विजेवर युनिटला सात किमी धरा, युनिट दहाला पडलं तरी दीड रुपयाच्या आत. पण महिन्याला तीनशेच किमी होत असतील, तर वाचणार दोन हजार. त्यात हप्ता निघत नाही. तेव्हा निवांत, तुमची म्हातारी चुकीची नाही. रोज ऑफिससाठी हिंजवडीपर्यंत लांब जाणाऱ्यांनी मात्र थांबू नये. २०२५च्या राज्याच्या धोरणात एक्सप्रेसवेवर टोलमाफीही आहे.
चार्जर म्हणून वेगळं काही लागेलच असं नाही. पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून पंधरा अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग, रात्रभर लावून ठेवायची. सभेत 'चार्जर' शब्दच काढू नका, 'पॉइंट' म्हणा.

टिंबटिंब
'पॉइंट'! हे भारी आहे. आमच्या सेक्रेटरींना वाटतं चार्जर म्हणजे पेट्रोल पंप.

भुंगा
आमच्या मेकॅनिकचं सांगतो. शुक्रवार पेठेत बोळात बसतो, साठी ओलांडलेली. मशीन लावत नाही. लांब स्क्रू ड्रायव्हर, टोक इंजिनाच्या टॅपेट कव्हरवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. एकदा म्हणाला, "तिसऱ्या सिलिंडरचं टॅपेट आहे, पण दोन महिने जाईल." दोन महिन्यांनी अगदी तिसराच. गेल्या खेपेला मी इलेक्ट्रिकचं बोललो. तो हात पुसत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ब्रेक आणि सस्पेन्शन तरी माझ्याकडे आणाल ना?" मी हो म्हटलं. त्या गाडीचं बाकी काही त्याच्याकडे नेता येईल का, मला माहीत नाही.

कोथरूडची काकू
गाडी नाही, पण यांची लूना! अजून कव्हर घालून जिन्याखाली. विजेची लूना आली २०२४ला तेव्हा पेपरचं कात्रण कापून ठेवलंय. म्हटलं, जुनी दिली तर जिन्याखाली जागा होईल, मला तुळशीची कुंडी ठेवता येईल. "ती कुठे नडतेय?" म्हणे. अहो, मला नडतेय.

सोनचाफा
काकू, कुंडी गॅलरीत ठेवा, जिन्याखाली तुळस वाळेल.
आणि कुकरचं विसरलेच, डाळ करपली. सेल्फ बदलला, दोन दिवस छान होती. आज पुन्हा टक टक करतेय. मी तिला म्हटलं, बाई, टेस्ट ड्राइव्ह कुठलीही नाही, शपथ. झाली चालू.

भुंगा
टर्मिनल साफ करा आधी. पांढरी बुरशी आली असेल तर गरम पाणी ओता, ब्रशने घासा, मग थोडं व्हॅसलीन. निम्म्या वेळा सेल्फ नसतोच गेलेला.

सोनचाफा
आहे की पांढरं! माझे सेल्फचे पैसे कोण देणार?

अ-जय
निवांत, एक विचारायचं राहिलं. कॅनमध्ये पाणी आहे की कूलंट? सारखं नळाचं पाणी घालत असाल तर नवा रेडिएटरसुद्धा आतून गंजेल. आणि वास गाडीच्या आत येतोय म्हणजे हीटरची कॉइल गळत असेल, पायाखालची मॅट चाचपा.

निवांत
पाणीच. बाबांची सवय. आत्ता खाली जाऊन आलो, डावीकडची मॅट ओली आहे. म्हणजे परत खर्च. बायकोला सांगितलं, पाऊस आत आला असेल. ती म्हणाली, "पाऊस गोड असतो होय?"

सभेची नोटीस लागलीय, रविवारी सकाळी दहा. विषय क्रमांक सात: पार्किंगमध्ये पॉइंट. विषय क्रमांक चार: पार्किंगमधली कुत्री.

टिंबटिंब
मग पुढच्या वर्षी.